रात्रीची लाईन, जागल आणि आपलं पात्र: एकाच कामात तरबेज की सगळ्यात थोडंथोडं?

पांदणवाट

राम राम मंडळी. नवी मोहीम सुरू करतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत आपापलं पात्र रंगवायचा टेबलावरचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पहिल्या लेव्हलपासून. खेळणारे चौघं, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी. पात्रं बांधायला घेतली आणि वाद सुरू झाला. एकाला निव्वळ कुलपं, सापळे आणि लपूनछपून हालचाल यात पक्का असलेला रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोरटा) क्लासचा गडी हवा आहे. दुसरी म्हणते, मला बार्ड (गाणारा भाट) दे, सगळ्यात थोडंथोडं येईल आणि कुठंच अडणार नाही. दोघांचंही म्हणणं खरं वाटतं, म्हणून धागा काढला.

माझं मत आधीच सांगतो. पुस्तकांतला आणि व्हिडिओतला सल्ला ज्या टेबलांसाठी असतो तिथं चौघंही ठरलेल्या वाराला हजर असतात. आमचं टेबल आर्वी तालुक्यातल्या खेड्यात आहे. कृषीपंपाची लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की ज्याच्या हरभऱ्याला पाणी द्यायचं तो ओलिताला जातो. तूर शेंगांवर आली की रोही आणि रानडुकरांपायी जागल सुरू होते. अशा रात्री कुलपं उघडणारा वावरात आणि बाकीचे तिघं बंद दारापुढं.

त्यामुळं पात्र तज्ज्ञ असावं की अष्टपैलू हे एकेका पात्रापुरतं ठरवता येत नाही, असं मला वाटतं. त्या रात्री टेबलावर कोण बसलंय आणि डीएम फासा कशासाठी टाकायला लावतोय, या दोन गोष्टींवर ते ठरतं. तुमच्याकडे काय करता? विदर्भातली मंडळी असतील तर जास्त बरं, शहरातल्या टेबलांचे अनुभव मला फार उपयोगी पडत नाहीत.

रोही_दर्यापूर

पांदणवाट भाऊ, अडचन समजली. आमच्या खारपानपट्ट्यात वलिताचं तेवढं नसते, पन हरभरा सोंगाच्या दिवसात आमचंबी टेबल रिकामंच राह्यते. तरी मी तज्ज्ञाच्याच बाजूनं बोलीन.

कबड्डी पाहा. रेडर चढाईले गेला की अख्खं गाव उभं राह्यते. थो एकटा हाय, समोर सात जन हायेत, अन् सगळ्याइले माहीत हाय का हे काम त्याचंच हाय. ऑलराउंडर लागतेच टीममंदी, मी नाई म्हनत नाई. पन पोरं घरी जाताना नाव रेडरचं घेतात. खेळाले बसलेल्या मानसाले तशी एक वेळ भेटली पाह्यजे. चौघंबी थोडंथोडं सगळंच करत असन तर ती वेळ कोनाचीच नाई.

माह्यावाला रेंजर (रानात वाट काढनारा) होता. त्याचा आवडता मुलूख जंगल. जुन्या नियमात त्याच्या संगं चालनाऱ्या टोळीचा वेग झाडीझुडपात कमी होत नाई, अन् जादू सोडली तर ते वाटबी चुकत नाईत. आमच्या डीएमनं मेळघाटासारखं रान उभं केलं होतं. पावसाळा, नाले भरले, दोन दिवसात पल्याड पोचाचं. थो सगळा प्रवास माह्या पात्राचा होता, अन् बाकीचे तिघं खुशीनं माह्या मागं चालले. अष्टपैलू पात्राले हे सुख भेटत नाई भाऊ.

लोणारकर_गणित

रोहीभाऊंचा मुद्दा मनाला पटतो. मी फक्त आकडे मांडतो, कारण या वादात लोक अंदाजानं फार बोलतात.

पहिल्या लेव्हलचा रोग, चपळाईचा बोनस ३, प्रावीण्याचा (शिकलेल्या कामात मिळणारा) २, आणि एक्सपर्टीज या खास तरबेजपणामुळे तो दुप्पट होऊन ४. एकूण ७. लपून जायला फासा आणि बोनस मिळून १५ गाठायचे असतील तर वीसपैलू फाशावर ८ किंवा जास्त हवेत. म्हणजे ६५ टक्के. बाकी तिघांकडे समजा नुसता १ आहे. त्यांना १४ हवेत, म्हणजे ३५ टक्के.

आता पाहारेकऱ्यासमोरून चौघांनाही जायचंय आणि डीएम म्हणाला, एकही चुकला तर सगळे सापडले. चौघंही सुटण्याची शक्यता ३ टक्क्यांहून कमी. तज्ज्ञाचे ६५ टक्के इथं मातीमोल झाले. तोच डीएम पुस्तकातला गटचाचणीचा नियम वापरेल, निम्मे जमले तर सगळे जमले, तर शक्यता ५७ टक्क्यांवर जाते.

आता दुसरी टोळी घ्या. कोणीच तज्ज्ञ नाही, पण चौघांचाही बोनस ४. प्रत्येकाचे ५० टक्के. गटचाचणीत त्यांची शक्यता जवळपास ६९ टक्के. तज्ज्ञ असलेल्या टोळीपेक्षा १२ टक्क्यांनी जास्त.

पण काम असं असेल की एकानं एकदाच प्रयत्न करायचा, म्हणजे कुलूप, सापळा किंवा दरबारात बोलायला उभं राहणं, तिथं ६५ विरुद्ध ५०. तिथं तज्ज्ञ जिंकतो, आणि लेव्हल वाढेल तसं हे अंतर रुंदावतं. प्रावीण्य २ पासून सुरू होऊन १७ व्या लेव्हलला ६ होतं, एक्सपर्टीजचं त्या वेळी १२ झालेलं असतं.

म्हणून पांदणवाट यांची दुसरी गोष्ट, डीएम फासा कशासाठी टाकायला लावतो ही, मला जास्त महत्त्वाची वाटते. सगळ्यांनी जमवायचं की एकानं जमवलं तरी पुरे, हे डीएमनं मोहिमेआधी सांगावं. ते कळल्याशिवाय पात्र बांधणं म्हणजे पेरणीआधी पाऊसपाण्याचा विचारच न करणं.

शिवणी_आरमोरी

मी झाडीपट्टीत, शाळेतल्या मुलांसोबत सुट्टीच्या दिवशी खेळते. नववी-दहावीची मुलं, बहुतेकांनी असा खेळ आधी पाहिलेला नाही. इथं अजून कोणी नवख्यांचा विचार मांडला नाही, म्हणून लिहिते.

नव्या मुलाच्या हातात अष्टपैलू पात्र दिलं की ते गप्प होतं. कागदावर बारा गोष्टी लिहिलेल्या, सगळ्या सारख्याच, आणि मी विचारते, "तू काय करतोस?" मूल कागदाकडे बघत राहतं. त्याच मुलाला मी "तू माग काढणारा, पावलांच्या खुणा तुझ्याइतक्या कोणालाच कळत नाहीत" असं सांगून पात्र दिलं, की पुढच्याच प्रसंगात ते स्वतःहून जमिनीवर काय दिसतं ते विचारतं. बोलायचं कधी हे त्याला आपसूक कळतं. लाजऱ्या मुलींच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा आहे. त्यांच्या पात्राचं ठरलेलं काम आलं की वर्गातली बोलकी मुलंही थांबून त्यांच्याकडे बघतात.

म्हणून माझ्याकडे सुरुवात नेहमी तज्ज्ञ पात्रांनी होते. रुळली की मी फेट कोअर या अशाच दुसऱ्या खेळासारखी रचना वापरते. ती २०१३ ची. तिच्यात कौशल्यांचा पिरॅमिडच रचावा लागतो: एक ४ चं, दोन ३ ची, तीन २ ची, चार १ ची. शिखर एक, पाया रुंद. एकाच गोष्टीत सगळे गुण ओतायची सोय नाही आणि सगळं सपाट ठेवायचीही नाही. हा वाद त्या नियम लिहिणाऱ्यांनी चांगला सोडवलाय असं मला वाटतं.

परतवाडा_जुने_नियम

शिवणीताई, फार छान लिहिलंत. मी थोडं मागं जातो.

१९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा आला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाचा पुजारी). कुलूपवाला कोणीच नव्हता. सापळा शोधायचा तर तुम्ही सांगायचं, "मी काठीनं फरशी ठोकत चालतो," आणि डीएम ठरवायचा. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ क्लास आला आणि त्याच्याकडे या कामांचे टक्केवारीचे आकडे आले. त्या दिवसापासून बाकीच्यांनी हळूहळू ही कामं सोडली, असं जुन्या पद्धतीनं खेळणारे आम्ही लोक मानतो. एकाच्या कागदावर "सापळे शोधणं" लिहिलं की उरलेल्यांना वाटतं, आपल्याला ते येत नाही.

तज्ज्ञ पात्राची ही खरी किंमत आहे. ज्याच्या कागदावर ते काम लिहिलेलं नाही तो प्रयत्नच करत नाही. पांदणवाट यांचे तिघं दारापुढं अडले ते याच सवयीनं. दार बिजागरीतून उचकटता येतं, खिडकी असते, छत कौलारू असेल तर कौलं काढता येतात. डीएमनं हे चालू द्यावं, नुसतं कुलपाचा आकडा धरून बसू नये.

आमच्याकडे मी गाविलगडावरून एक प्रसंग बांधला होता. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, सैन्य आत शिरलं, पण आतल्या किल्ल्याच्या दरवाजापुढं अडकलं. मग कॅप्टन कॅम्पबेलच्या हाताखालची ९४ व्या पलटणीची तुकडी दरीच्या अंगानं शिड्या लावून चढली आणि दरवाजा आतून उघडला. मी खेळणाऱ्यांना तीच अडचण दिली. चढण्यात पक्का एकजण होता, पण तो एकटा वर पोचून काय करणार? आत पाहारा आहे. त्याला वर जाऊन दोर सोडायचा होता आणि मग बाकीच्यांनी दोरानं चढायचं, ज्यात आकडा बराच कमी लागतो. तज्ज्ञ आधी जाऊन काम सोपं करतो आणि मग साधारण माणसंही ते पार पाडतात. प्रसंग असे बांधले तर दोन्ही प्रकारच्या पात्रांना जागा राहते. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी किल्ला उभाआडवा फिरून बघावा, डीएमला अशा जागा घरात बसून सुचत नाहीत.

रोही_दर्यापूर

परतवाडा भाऊ, दोराची गोष्ट लय आवडली. माह्या रेंजरचंबी तेच होतं, वाट त्यानं दाखवली पन चालले सगळेच.

नवशिका_हिंगणघाट

मी नवीन आहे. एक प्रश्न. आम्ही तिघंच खेळतो. मग मी लढवय्या (फायटर), रोग आणि विझार्ड (जादूगार) असे तीन क्लास मिसळून एकच पात्र केलं तर सगळी कामं होतील ना?

लोणारकर_गणित

नवशिका, पहिल्या चार लेव्हलपर्यंत ओढून नेता येईल. पाचव्या लेव्हलला मात्र त्रास होईल. फायटर पाचव्या लेव्हलला एका वेळी दोन वार करायला लागतो. विझार्डला पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीची मंत्रं मिळतात, फायरबॉल त्यातलाच. तुमचं पात्र दोन लेव्हल फायटर, दोन रोग, एक विझार्ड असं असेल तर एकूण पाच लेव्हल होऊनही यातलं काहीच हाती येत नाही, आणि डीएम शत्रू मात्र पाचव्या लेव्हलच्या टोळीचेच आणतो.

प्रावीण्याचा बोनस एकूण लेव्हलवर ठरतो, त्यामुळं कौशल्यांचं फार नुकसान होत नाही. नुकसान क्लासच्या मुख्य ताकदीचं होतं. अष्टपैलू व्हायचं असेल तर क्लास एकच ठेवा आणि रुंदी पूर्वपीठिकेतून (पात्र आधी काय करत होतं त्यातून) आणा. क्रिमिनल (गुन्हेगार) किंवा अर्चिन (रस्त्यावर वाढलेलं पोर) पूर्वपीठिका घेतली की २०१४ च्या नियमांत चोरट्यांच्या हत्यारांचं प्रावीण्य फुकट मिळतं. फायटर राहूनही कुलूप उघडता येतं, त्यासाठी एक लेव्हलही घालवावी लागत नाही.

बार्डबद्दलही सांगून टाकतो. त्याच्या ज्या हरहुन्नरीपणाचं एवढं नाव आहे तो म्हणजे न शिकलेल्या कामांत प्रावीण्याचा अर्धा बोनस. दुसऱ्या लेव्हलला हा १ असतो आणि आठव्यापर्यंत १ च राहतो. वीसपैलू फाशावर १ म्हणजे पाच टक्के. बार्ड चांगला आहे, पण तो मंत्रांमुळे आणि त्याच्या स्वतःच्या एक्सपर्टीजमुळे. "कुठंच अडणार नाही" या आशेनं घेतला तर पदरी निराशा येईल.

भंडाऱ्याची_शलाका

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत नाही, गर्प्स नावाचा असाच दुसरा खेळ खेळतो. तिथं उत्तर बरंच वेगळं येतं, म्हणून सांगते. तीन साधे फासे टाकायचे आणि कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा कमी यायला हवं. कौशल्य १० असेल तर ५० टक्के, १२ ला ७४, १४ ला जवळपास ९१, १६ ला ९८. म्हणजे १० वरून १२ वर जाताना २४ टक्के मिळतात आणि १४ वरून १६ वर जाताना फक्त ७. गुण तर पुढच्या पायऱ्यांना उलट जास्तच मोजावे लागतात. म्हणून वाटतं, सगळं १२ वर ठेवावं.

पण अंधार, घाई, पाऊस, जखम यांची वजावट आली की चित्र पालटतं. ४ वजा झाले की १२ वाल्याकडे ८ उरतात आणि शक्यता २६ टक्क्यांवर येते. १६ वाल्याकडे १२ उरतात आणि त्याचे ७४ टक्के शाबूत. सोप्या दिवशी अष्टपैलू पात्र तज्ज्ञाच्या जवळपास असतं. अवघड रात्री ते कोसळतं आणि तज्ज्ञ टिकतो. म्हणून आमच्याकडे मी मोहीम बघून ठरवते. गावगाड्यातली रोजची भानगड असेल तर रुंद पात्र. डोंगर, पूर, रात्रीची पळापळ असेल तर एका कामात खोल गेलेलं.

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. लोणारकरभाऊंच्या हिशोबावरून मी रात्रभर नियमांचं पुस्तक चाळलं आणि एक गोष्ट सापडली जी आमच्या गैरहजेरीच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते.

मदतीचा नियम. दुसरं कोणी मदतीला असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. ५० टक्केवाल्याला मदत मिळाली की तो ७५ वर जातो. म्हणजे तज्ज्ञ वावरात असताना दुसऱ्या फळीतले दोघं मिळून एकट्या तज्ज्ञाच्या ६५ टक्क्यांच्याही पुढं जातात. पण २०१४ च्या पुस्तकात कुलपाचंच उदाहरण देऊन म्हटलंय की ज्याला चोरट्यांच्या हत्यारांचं प्रावीण्य नाही तो कुलूप उघडताना मदतही करू शकत नाही. म्हणून आमच्या टेबलावर ठरवलं ते असं: कुलूप, माग काढणं, जखमांवर उपचार आणि बोलणी ही चार कामं मोहिमेत सारखी येणार आहेत, तर प्रत्येक काम किमान दोघांना आलं पाहिजे, शक्यतो तिघांना. रोग असलेला गडी कुलपांचा राजा राहील, एक्सपर्टीज त्याचीच. फायटर खेळणाऱ्यानं क्रिमिनल पूर्वपीठिका घेतली आणि क्लेरिकवालीनं अर्चिन. तो गडी जागलीला गेला तरी दार उघडेल, आणि तो बसला असेल त्या रात्री दार त्याचंच.

बार्ड घेणारीनं बार्डच घेतला, पण आता बोलणी आणि फसवाफसवी यात ती तिसऱ्या लेव्हलला एक्सपर्टीज घेणार आहे. तिचं नाव कशासाठी घ्यायचं हे टोळीला कळेल.

कुलपासाठी विझार्ड आणून नॉक मंत्र वापरावा असंही कोणी सुचवलं होतं. तो मी टाळतोय. कुलूप उघडतं खरं, पण मंत्राचा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो, आणि मोहीम सगळी रात्रीच्या चोरवाटांची आहे.

गैरहजर माणसाचं पात्र दुसऱ्यानं चालवावं का, यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. मी लढाईपुरतं चालू देतो. कुलूप, माग, बोलणी यात नाही. ज्यानं ते पात्र त्या कामासाठी घडवलं त्याच्या माघारी त्याचा क्षण दुसऱ्यानं वापरून टाकावा हे मला पटत नाही.

रोही_दर्यापूर

हे शेवटचं बरोबर बोलले भाऊ. माह्या मागं कोनी माह्या रेंजरनं वाट काढली असती तर मले वाईट वाटलं असतं. दोघाइले येते पन राजा एकच, हे मान्य.

शिवणी_आरमोरी

पांदणवाट, २०२४ ची नवी पुस्तकं कोणी आणली तर एक लक्षात ठेवा. मदत करणाऱ्याला त्या कौशल्याचं किंवा हत्याराचं प्रावीण्य असलंच पाहिजे, हे त्यात सगळ्याच चाचण्यांना लागू केलंय, फक्त कुलपाला नाही. तुमचा दोघांचा नियम तिथं अजून जास्त कामाला येईल. आणि माग काढण्यासाठी सर्व्हायव्हल कौशल्य क्लेरिकवालीला देता येतं का बघा. पहिल्या लेव्हलला ते क्लेरिकच्या यादीत नाही, पूर्वपीठिकेतून, पात्राच्या जमातीतून किंवा क्लेरिकचं नेचर (निसर्ग) डोमेन निवडून घ्यावं लागेल. अर्चिनमधून ते मिळत नाही.

पांदणवाट

बरोबर आहे ताई, अर्चिनमध्ये हातचलाखी आणि लपणं येतं. मग माग फायटरवाल्याकडे देतो, सर्व्हायव्हल त्याच्या क्लासच्या यादीतच आहे. दुसरा माग काढणारा मात्र अजून शोधायचाय. रविवारी चौघं बसले की ठरवतो आणि इथं लिहितो.